कातळाच्या नावावर खोटी साक्ष

पुण्यालगतच्या वाकडमध्ये नव्या इमारतीसाठी खड्डा घेतला की जमिनीचे तीन थर उघडे पडतात. वर काळी माती; तिच्यात एका पिढीपूर्वीपर्यंत पिके उभी असत. तिच्याखाली पिवळट-तांबूस मुरूम. आणि मग ब्रेकर लावल्याशिवाय न हलणारा काळा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हिमालय उभा राहिला नव्हता आणि ध्रुवांवर आजच्यासारख्या जाड हिमचादरी नव्हत्या.

अलीकडे या कातळाला एका वादात साक्षीला बोलावले जाते. सोसायटीच्या सभागृहातली चर्चा असो की मोबाइलवर फिरणारा लांबलचक मजकूर, युक्तिवाद साधारण एकच असतो. पृथ्वीचे हवामान कधीच स्थिर नव्हते. दख्खनच्या ज्वालामुखींनी लाखो वर्षे आग ओकली, तेव्हा कारखाने नव्हते. हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या कित्येक पट होता, तरी जीवसृष्टी टिकली. हिमयुगे आली आणि गेली. पृथ्वी स्वतःला सावरते, तेव्हा आजच्या तापमानवाढीचा बाऊ कशाला? चाकणच्या कारखान्याला, हिंजवडीच्या वाहतुकीला आणि वाकडच्या टॉवरला दोष देणे म्हणजे निसर्गाच्या कामात माणसाने उगाच स्वतःला मोठे समजणे आहे, असा या बोलण्याचा शेवट असतो.

या युक्तिवादाला उडवून लावणे चूक ठरेल, कारण त्यातली बहुतेक विधाने खरी आहेत. हवामान बदलत आले आहे. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पूर्वी जास्त होता. पृथ्वी सावरते हेही खरे. खोटा आहे तो निष्कर्ष. आणि तो खोटा आहे हे सांगायला परदेशातल्या कुठल्या अहवालाची गरज नाही; ज्या कातळाचे नाव घेतले जाते, तो कातळच ते सांगतो.

सुरुवात मुरमापासून करावी. मुरूम ही कातळाची, म्हणजे बेसॉल्टची, झीज आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. ते बेसॉल्टच्या भेगांत शिरते. बेसॉल्टमधली प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही खनिजे त्या पाण्यात हळूहळू विरघळतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम पाण्याबरोबर निघून जातात, लोह मागे राहून गंजते आणि मुरमाला तांबूस रंग येतो. या सगळ्या व्यवहारात हवेतला कर्बवायू बायकार्बोनेट होऊन पाण्यात उतरतो. वाकडच्या सोसायट्यांत बोअरचे पाणी जड येते, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, नळाच्या तोटीवर क्षार साठतात, ते याच प्रक्रियेचे उत्पन्न आहे. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे हेही तेच. ज्या चुन्यात पुण्यातले जुने वाडे बांधले गेले, त्यात एके काळी हवेत असलेला कार्बन दगड होऊन बसला होता.

उरलेले पाणी मुळेला मिळते. मुळशीकडून येणारी मुळा वाकड-बालेवाडीच्या मधून पुढे जाते, दापोडीला पवना तिला मिळते, पुण्यात मुठा, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. तिथे समुद्री जीव त्या कॅल्शियम आणि बायकार्बोनेटपासून कवच बनवतात. कवच बनताना पकडलेल्या कर्बवायूपैकी निम्मा परत सुटतो, निम्मा चुनखडक होऊन समुद्रतळाशी गाडला जातो. कोट्यवधी वर्षांनी तो तळ दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो, तापतो, आणि कार्बन ज्वालामुखीच्या तोंडातून पुन्हा हवेत येतो.

खडकाळ ग्रहाचे हवामान दीर्घकाळ ताब्यात ठेवणारी यंत्रणा ती हीच. हवा तापली की पाऊस वाढतो, खडक लवकर झिजतो, कर्बवायू जास्त ओढला जातो आणि हवा निवते. हवा फार थंड झाली की झीज मंदावते, ज्वालामुखींचा वायू साठत जातो आणि ऊब परत येते. जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी १९८१ साली ही मांडणी नेटकेपणाने केली. तिच्यामुळे एक जुने कोडे सुटायला मोठी मदत झाली: साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता, तरी पृथ्वीवरचे पाणी गोठून कायमचे का थिजले नाही? उत्तर असे की तेव्हा हवेत हरितगृह वायूंचे पांघरूण जाड होते, आणि सूर्य प्रखर होत गेला तसे खडकांनी ते पातळ करत आणले.

शेजारच्या दोन ग्रहांकडे पाहिले की या यंत्रणेची किंमत कळते. शुक्र आकाराने पृथ्वीएवढाच, पण त्याचे पाणी गेले. पाणी नाही म्हणून झीज नाही, झीज नाही म्हणून कर्बवायू हवेतच राहिला. आज त्याच्या वातावरणात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक आहे आणि तापमान ४६० अंश सेल्सियसच्या आसपास. सूर्याला जास्त जवळ असलेला बुधसुद्धा एवढा तापत नाही. पृथ्वीकडे कार्बन कमी आहे असे मुळीच नाही. तो चुनखडकांत आणि गाळाच्या खडकांत गाडलेला आहे, इतकेच. मंगळाचे उलट झाले. तो लहान, त्याचे पोट लवकर निवले, ज्वालामुखी मंदावले, कार्बन परत हवेत आणणारे कुणी उरले नाही आणि हवेचा मोठा भाग अवकाशात निसटला. त्याच्या बेसॉल्टी पठारांवर कोरड्या नदीपात्रांच्या खुणा आजही दिसतात. तिन्ही ग्रह खडकाचेच. फरक पडला तो कार्बन खडकातून हवेत आणि हवेतून खडकात फिरत राहतो की नाही यावर.

म्हणजे दीर्घ इतिहासाची पहिली साक्ष अशी की ग्रहाच्या तापमानाची सर्वांत मोठी किल्ली कार्बन डायऑक्साइड आहे. ‘हवामान नेहमीच बदलत आले आहे’ हे वाक्य उच्चारणाऱ्याने ते कशामुळे बदलले हे विचारले, तर उत्तर पुन्हा पुन्हा याच वायूपाशी येते. जो वायू पूर्वी एवढी उलथापालथ घडवत होता, तो आज माणसाच्या हातून सुटला म्हणून निरुपद्रवी होईल, असे मानायला कुठलाही आधार नाही.

आता ‘पृथ्वी सावरते’ या वाक्याकडे. किती वेगाने सावरते?

यावर दख्खनमध्ये प्रत्यक्ष मोजमाप झाले आहे. २००१ साली सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांनी नर्मदा-तापीसारख्या नद्यांचे पाणी तपासले. २००५ साली अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले अनिर्बन दास, एस. कृष्णस्वामी आणि सहकारी यांनी कृष्णा-भीमेच्या उगमाकडचे आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांचे पाणी तपासून बेसॉल्टच्या झिजेचा हिशेब मांडला. या अभ्यासांतले आकडे एकमेकांपासून वेगळे आहेत, पण ठोकळमानाने दख्खनचा एक चौरस किलोमीटर कातळ वर्षाला पंधरा ते तीस टन कार्बन डायऑक्साइड ओढतो असे धरता येते. खडकांच्या जगात हा वेग चांगला आहे. बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा बराच लवकर झिजतो. दख्खनचा आजचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. गुणाकार केला तर वर्षाला पाऊण ते दीड कोटी टन. भारत वर्षाला सुमारे ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे माळव्यापासून बेळगावपर्यंत आणि मुंबईपासून नागपूरपर्यंत पसरलेला सगळा कातळ वर्षभर पावसात भिजून जेवढा वायू शोषतो, तेवढा हा देश एक ते दोन दिवसांत सोडतो. आणि कातळाने शोषलेल्यातला निम्मा समुद्रात परत सुटतो, हे वर सांगितलेच.

खडकाच्या या नियामकाला एखादा मोठा धक्का पचवायला काही लाख वर्षे लागतात. हा आकडा उघडपणे सांगितला, की सावरण्याच्या आश्वासनात काही उरत नाही. पृथ्वी सावरेल. चाकणच्या कामगाराचा नातू तोवर थांबू शकणार नाही.

तरीही दख्खनच्या ज्वालामुखींचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत जोरदार वाटतो. हा लाव्हा फुटला तेव्हा निघालेल्या वायूपुढे माणसाची धुरांडी ती कितीशी? यावरही हिशेब उपलब्ध आहे. स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अंदाज मांडला की एक घन किलोमीटर लाव्ह्यामागे सुमारे १ कोटी ४० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असावा. दख्खनच्या लाव्ह्याचे मूळ आकारमान दहा लाख घन किलोमीटर किंवा त्याहून जास्त मानले जाते, आणि त्याचा बहुतांश भाग सुमारे साडेसात लाख वर्षांत बाहेर आला असे प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने झिरकॉनच्या कालमापनावरून दाखवले. दहा लाख घन किलोमीटर धरून भागाकार केला तर सरासरी वर्षाला दोन कोटी टनांच्याही आत. मानवजात आज खनिज इंधने आणि सिमेंटमधून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडते.

काही संशोधक म्हणतात की पृष्ठभागावर न आलेल्या मॅग्मातूनही वायू सुटला असणार, म्हणून एकूण आकडा बराच मोठा असावा. तो दहापट धरला तरी आजचे उत्सर्जन जवळपास दोनशे पट भरते. शिवाय उद्रेक सलग नव्हते. एकेका उद्रेकात हजार घन किलोमीटर लाव्हा ओतला जाई आणि मग दीर्घ विश्रांती मिळे. कातळाच्या दोन थरांमध्ये घाटरस्त्याच्या कापात लाल मातीचा जो पट्टा दिसतो, ती त्या विश्रांतीची खूण: तेवढ्या अवधीत वरचा पृष्ठभाग झिजून माती तयार झाली होती. हजार घन किलोमीटरच्या अशा एका प्रचंड उद्रेकातून निघालेला कर्बवायू वरच्या दरानेच १,४०० कोटी टन होतो. एवढा वायू मानवजात आज पाच महिन्यांच्या आत सोडते.

आणि त्या मंद, तुटक उत्सर्जनानेही जगाचे तापमान काही अंशांनी वाढले होते. डायनोसॉर नामशेष होण्याच्या आधीच्या दोन-तीन लाख वर्षांत समुद्र आणि जमीन तापल्याच्या खुणा जगभरच्या गाळांत सापडतात, आणि त्या वाढीचा संबंध बहुतेक अभ्यासक दख्खनशी जोडतात. प्रत्यक्ष विनाशात मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या उल्केचा वाटा मोठा की दख्खनचा, यावर वाद चालू आहे. उल्केच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. पण दख्खनचा वायू हवामान बदलू शकला, यावर वाद नाही. ज्यांना आजचे उत्सर्जन क्षुल्लक ठरवायचे आहे, त्यांनी हा दाखला देऊच नये. तो त्यांच्या विरोधात जातो.

या कथेचा पुढचा भाग मराठी वाचकाला माहीत असायला हवा, तो सहसा सांगितला जात नाही. लाव्हा थंड झाला आणि भारत उत्तरेकडे सरकत विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात आला. ताजा बेसॉल्ट, मुसळधार पाऊस आणि उष्णता एकत्र आली. डेनिस केंट आणि जिओव्हानी मुत्तोनी यांनी २००८ साली मांडले की या झिजेने हवेतला कर्बवायू खाली आणायला हातभार लावला आणि पाच कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त जगाला थंडीच्या वाटेवर ढकलले. पुढे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फाची मोठी चादर धरली. यात हिमालयाच्या झिजेचा वाटा किती आणि दख्खनचा किती, हे अजून ठरायचे आहे. तरी ज्या कातळाने आधी जग तापवले, त्यानेच नंतर ते थंड करायला मदत केली, ही मांडणी रसायनशास्त्राला धरून आहे. फक्त त्याला कोट्यवधी वर्षे लागली.

वेगाचा प्रश्न किती निर्णायक आहे हे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या एका घटनेवरून कळते. पॅलिओसीन आणि इओसीन या कालखंडांच्या सीमेवर काही हजार वर्षांत प्रचंड कार्बन हवेत आणि समुद्रात आला. जग पाच-सहा अंशांनी तापले, समुद्र आम्लधर्मी झाला, खोल तळावरच्या सूक्ष्म कवचधारी जीवांच्या जातींपैकी मोठा हिस्सा संपला. पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षे गेली. आधुनिक अंदाजांनुसार त्या वेळी कार्बन सुटण्याचा वेग आजच्या वेगाच्या साधारण दहावा भाग होता. गेल्या साडेसहा कोटी वर्षांत आजच्याइतक्या झपाट्याने कार्बन सुटल्याचा दुसरा दाखला भूशास्त्रज्ञांना मिळालेला नाही.

ज्यांना हिमयुगांचा दाखला आवडतो त्यांनी चंद्रपूरला जावे. तिथे इरई गावाजवळ चुनखडकाच्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आहेत, आणि त्यांच्यावर गोट्यांनी भरलेला तालचीर थर आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, भारत दक्षिण ध्रुवाजवळच्या गोंडवन खंडाचा भाग असताना, हिमनद्यांनी त्या खडकावरून दगड घासत नेले. ते ओरखडे एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ फेडन यांच्या नजरेस आले. ज्या जिल्ह्यात आज उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, तिथे एके काळी बर्फ सरकत होते. हवामान बदलते याचा महाराष्ट्रात याहून ठसठशीत पुरावा नसेल.

पण हा पुरावा पूर्ण वाचावा. त्या शीतयुगामागचे एक मोठे कारण असे होते की जगभरच्या दलदलीतल्या वनस्पतींनी हवेतला कार्बन गाडून ठेवला आणि कर्बवायूचे प्रमाण खाली आले. बर्फ ओसरल्यावर गोंडवनातही दाट दलदली झाल्या, त्यांचा कोळसा झाला. तोच कोळसा चंद्रपूरच्या खाणींतून निघतो आणि २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात जळतो. त्याच जिल्ह्यातला चुनखडक सिमेंटच्या भट्ट्यांत भाजला जातो आणि त्यात पुरातन काळापासून अडकलेला कर्बवायू धुरांड्यातून सुटतो. वाकडच्या लिफ्ट आणि एसी राज्याच्या याच वीजजाळ्यावर चालतात, आणि टॉवर सिमेंटवर उभे आहेत. निसर्गाने जो कार्बन गाडायला कोट्यवधी वर्षे घेतली, तो काही पिढ्यांत उपसून जाळला जात आहे. याला नैसर्गिक चक्र म्हणता येत नाही.

अलीकडच्या हिमयुगांबाबत एक मुद्दा मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो: बर्फाच्या गाभ्यांत आधी तापमान वाढलेले दिसते आणि मागाहून कर्बवायू, मग वायू कारण कसा? पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात हजारो वर्षांच्या आवर्तनांनी बदल होतात. हिमयुगाचा शेवट त्यांनी सुरू केला. समुद्र किंचित तापला, त्याने कर्बवायू सोडला, त्या वायूने ऊब आणखी वाढवली आणि ती सगळ्या जगभर पोहोचवली. सुरुवात कुणी केली आणि मोठे कुणी केले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कक्षेतल्या त्या बदलांच्या हिशेबाने पृथ्वी आजही अगदी सावकाश थंड होत असायला हवी होती. ती तापते आहे.

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेनुसार गेल्या आठ लाख वर्षांत कर्बवायूचे प्रमाण दशलक्ष भागांत १८० ते ३०० यांच्या दरम्यान हलत राहिले. शेवटचे हिमयुग संपताना सात-आठ हजार वर्षांत ते सुमारे ८० भागांनी वाढले. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा आकडा ३१५ होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. हिमयुगाच्या अंताला जी वाढ सात-आठ हजार वर्षांत झाली, त्याहून मोठी वाढ एका माणसाच्या आयुष्यात झाली.

सूर्याचे कारण सांगणाऱ्यांसाठीही उत्तर आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात तापमानवाढ समजावून सांगेल अशी वाढ नाही. सूर्याने तापवले असते तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, निवतो आहे. हरितगृह वायू वाढले की असेच व्हायला हवे. मंगळही तापतो आहे हा दावा काही मोजक्या वर्षांच्या ध्रुवीय छायाचित्रांवर बेतलेला होता, आणि मंगळाचे हवामान धुळीच्या वादळांनी वर्षागणिक बदलते. हवेतल्या कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण तर थेट बोट दाखवते: जड कार्बनचा वाटा घटतो आहे, जुन्या वनस्पतींपासून झालेले इंधन जाळल्यावर घटावा तसाच.

इनामगावचा दाखलाही अधूनमधून दिला जातो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती, आणि शेवटी ती उठली. कोरडे होत गेलेले हवामान हे त्यामागचे कारण असल्याचे मधुकर ढवळीकर यांनी मांडले. लोणार सरोवराच्या गाळातही सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या प्रदीर्घ अवर्षणाची नोंद सापडली आहे. तेव्हा मोटारी नव्हत्या, हे खरेच. पण हे बदल प्रादेशिक होते, मोसमी पावसाच्या आतल्या चढउतारांचे. आणि त्यातून निघणारा बोध दिलासा देणारा कसा? पावसाच्या एवढ्याशा हेलकाव्याने नांदते गाव मोडत असेल, तर टँकरवर तहान भागवणाऱ्या शहराने अधिक सावध व्हायला हवे.

शास्त्रज्ञांतच एकमत नाही, असेही म्हटले जाते. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावी कुकडीच्या पात्रात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख तीन हजार किलोमीटरहून लांब सुमात्रातल्या टोबाहून आली. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की त्याच ज्वालामुखीच्या कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासक अनेक वर्षे भांडले आहेत. मतभेद असतात ते असे: तारखांवर, वाट्यांवर, तपशिलांवर. कर्बवायू उष्णता अडवतो की नाही, यावर एकोणिसाव्या शतकातल्या प्रयोगांनंतर मतभेद उरलेला नाही. तपशिलावरच्या प्रामाणिक वादाचा उपयोग मूळ सिद्धान्त संशयास्पद ठरवायला करणे हा अभ्यासकांवर अन्याय आहे. दिवंगत शरद राजगुरू यांनी मुळा-मुठेच्या खोऱ्यातले गाळ आयुष्यभर वाचले. नदीने कधी गाळ भरला आणि कधी पात्र खोल कापले, यावरून त्यांनी पावसाचा इतिहास जुळवला. अशा कामाचे अर्धवट वाक्य उचलून निष्काळजीपणाचे समर्थन करणे खपवून घेऊ नये.

सगळ्यात घातक आहे तो ‘हे पाश्चात्त्यांचे कारस्थान’ हा सूर. वाकडहून फार लांब नसलेल्या पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथल्या आर. कृष्णन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या २०२० च्या अहवालात भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे नोंदले आहे. त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हे पुण्यातले काम आहे, इथल्या नोंदींवर बेतलेले. आणि कारस्थानाच्या भाषेने नुकसान कुणाचे होते, हेही पाहावे. हवेत साठलेल्या जादा कर्बवायूचा मोठा वाटा युरोप-अमेरिकेचा आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन आजही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. तापमानवाढ नैसर्गिकच आहे असे एकदा मान्य केले, की कुणीच जबाबदार उरत नाही, आणि भरपाई, तंत्रज्ञान व अधिक मुदत मागण्याचा भारताचा हक्कही उरत नाही. तापमानवाढ नाकारणारा देशभक्त नकळत श्रीमंत देशांचे देणे माफ करून टाकतो.

दुसऱ्या टोकाचाही एक भ्रम आहे. बेसॉल्टचा भुगा शेतात पसरला की झीज वेगाने होईल आणि कर्बवायू शोषला जाईल, ही कल्पना खरी आहे. तिच्यावर जगभर आणि भारतातही प्रयोग चालू आहेत, आणि मोशी-वाघोलीच्या खाणी असलेल्या परिसराला ती जवळची वाटणे स्वाभाविक आहे. पण एक टन बेसॉल्ट पूर्ण विरघळला तरी फार तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका कर्बवायू घेतो, आणि विरघळायला वर्षे लागतात. भारताचे एका वर्षाचे उत्सर्जन असे जिरवायचे तर दरवर्षी किमान ९०० कोटी टन दगड फोडून, दळून, वाहून नेऊन पसरावा लागेल, आणि त्या दळणालाही वीज लागेल. प्रयोग व्हावेत, शेतकऱ्याला फायदा होत असेल तर जरूर व्हावेत. ते उत्सर्जन कमी करण्याला पर्याय ठरणार नाहीत.

आज जाळलेल्या इंधनातला बराचसा कर्बवायू काही शतकांत समुद्र शोषून घेईल. उरलेल्यातला काही भाग समुद्रतळाचा चुना जिरवेल, त्याला हजारो वर्षे लागतील. तरीही दहा हजार वर्षांनंतर आजच्या उत्सर्जनाचा दहा टक्के किंवा त्याहून मोठा हिस्सा हवेत असेल. तो शेवटी झिजणाऱ्या खडकांच्या वाट्याला येईल. तेव्हा यापुढे कुणी सभागृहात उभे राहून पृथ्वीचे हवामान नेहमीच बदलत आले आहे असे म्हणाले, तर वाचकांनी त्यांना अडवू नये. ते वाक्य पूर्ण होऊ द्यावे. मग दोन प्रश्न जरूर विचारावेत: कशामुळे बदलले, आणि किती वर्षांत? उत्तरात आकडा आल्याशिवाय पुढच्या विषयाकडे जाऊ देऊ नये.